हँडल दादाचं, बटणं माझी

११ जून

दादाकडे जाऊन आले. दोन वर्षांनी! माझ्या वैष्णवीच्या लग्नाला तो आला नाही, मुलगा आपल्यातला नाही म्हणून. मीही ठरवलं होतं, पहिला शब्द त्याचा, मगच माझा. आता घ्या. एप्रिलात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हा हॉस्पिटलात लांबूनच बघून आले होते. घरात पाऊल आज टाकलं.

वहिनी म्हणाली, "ताई, तुमचं नाव काढलं की यांच्या डोळ्यांत पाणी येतं." मी म्हटलं, असल्या आजारात कशानेही येतं. किती दुष्ट आहे मी.

१२ जून

मला त्याच्याकडून एक शब्द हवा होता. 'चुकलो.' बस, एवढाच. तो आता कुठून आणू?

२२ जून

अमित पुण्याहून आला, बापासाठी एक खोका घेऊन. टीव्हीला जोडायचा, वर हँडल आणि बटणं. जुने सगळे व्हिडिओ गेम आहेत त्यात. आणि फौजी निघाला! खरं नाव इंग्रजी, ते तेव्हाही कुणी वाचलं नाही. एक शिपाई, उजवीकडे पळत सुटतो, खड्डे ओलांडतो, गोळ्या झाडतो. संपलं.

आमचे वडील, अण्णा, एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये कामाला. त्यांची दुपारची पाळी असली की आम्ही दोघं शाळेतून परस्पर बिटको चौकाजवळच्या व्हिडिओ गेमच्या पत्र्याच्या दुकानात. नाणं एकच, म्हणून एका शिपायाला दोघं. हँडल दादाचं, बटणं माझी. तो 'उडी' म्हणायचा, मी दाबायचे. 'मार' म्हणायचा, मी दाबायचे. एकदा तरी हँडल दे म्हणून किती रडले असेन. "तुला रस्ता कळत नाही," म्हणायचा.

दादाने डावा हात हँडलवर ठेवला. ते डावीकडेच असतं, नशीब. मी उजवीकडे बसले, पस्तीस वर्षांपूर्वीसारखी. पहिल्याच खड्ड्यात पडलो. 'उडी' म्हणणार कोण?

२३ जून

अकरा वेळा त्याच खड्ड्यात. वहिनी हसली. एप्रिलनंतर आज पहिल्यांदा हसतेय, असं तीच म्हणाली.

३० जून

सापडलं! उडीच्या आधी दादा श्वास ओढतो. नाकाने, छोटासा. लहानपणीही ओढत असणार, दुकानाच्या गोंगाटात मला ऐकू आला नाही. आता टीव्हीचा आवाज बंद करून खेळतो. त्याचा श्वास ऐकते आणि दाबते. धबधब्यापर्यंत गेलो.

७ जुलै

ऑफिस सुटलं की तिकडेच. स्पीच थेरपीवाल्या बाई कप दाखवतात, चावी दाखवतात, दादा नुसता बघत बसतो. पण कुठल्या झाडामागून कोण निघणार हे त्याच्या हाताला पाठ आहे. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला हात, तरी तो हेच धरून बसला.

काय आहे एवढं या खेळात? त्यात काही बदललेलं नाही, हेच असेल. दुकान गेलं, अण्णा गेले, आमच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुणी राहतं. खड्डा मात्र होता तिथेच. आणि शिपाई मेला की परत उभा राहतो, थोडा वेळ लुकलुकतो, तेवढ्या वेळात त्याला कुणी काही करू शकत नाही. लहानपणी मला ते फार आवडायचं. आज बघताना रडू आलं, वहिनीला सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

१८ जुलै

आज भांडले. एकटीच.

वैष्णवीचा फोन आला, तिला दिवस गेलेत. स्पीकरवर टाकला. "मामा, बरं वाटतंय का?" दादा टीव्हीकडेच बघत राहिला. फोन ठेवला आणि माझा तोल गेला. म्हटलं, पोरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. सगळे दाराकडे बघत होते, शेवटी मी आणलं तिला. तुला एकट्यालाच रस्ता कळतो का रे?

मुक्या माणसाला बोलले. निरोप न घेता निघाले.

१९ जुलै

जाणार नव्हते. गेले.

दादा माझ्या जागेवर बसला होता, उजवीकडे. सकाळपासून खुणा करत होते, तेव्हा सरकवलं, वहिनी म्हणाली. मी डावीकडे टेकले. त्याने माझा हात धरला आणि हँडलवर ठेवला. आपला डावा हात आडवा आणून बटणांवर नेला.

चालवत गेले. खड्डा आला, मी श्वास ओढला — मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असा. त्याने दाबलं. ओलांडला!

हवा होता तो शब्द मिळाला मला. घरी येऊन वैष्णवीला सांगायला लागले. हँडल काय, बटण काय, तिला काही कळेना. "आई, तू रडतेस का?" म्हणाली.

२६ जुलै

रोज हँडल माझ्याकडेच. धबधब्याच्या पुढे मला खरंच रस्ता कळत नाही. दादा हसतो, अर्ध्या तोंडाने.

२ ऑगस्ट

दुसरा झटका. आयसीयू.

४ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, त्यांना आता ऐकू जात नाही, काही कळत नाही. पाच मिनिटं आत सोडलं. त्याचा डावा हात हातात घेतला. मग श्वास ओढला, खड्ड्याशी ओढते तसा.

त्याच्या बोटाने माझा तळवा दाबला.

सिस्टर म्हणाल्या, असं होतं कधीकधी, त्यात काही नसतं. मी परत ओढला. परत दाबलं. तिसऱ्यांदाही. वहिनीने बघितलंय.

५ ऑगस्ट

आज दहादा ओढला, बोट हललं नाही. अजून एकदा, अजून एकदा, करत राहिले. वहिनीने माझा हात सोडवला. म्हणाली, "ताई, पुरे आता."