काचेवरची खुर्ची

प्रिय थांबजराबाई,

हे नाव तुझ्या विद्यार्थ्यांनी ठेवलेले. काचेवरचा कागद उचलायची कोणी घाई केली की तू 'थांब जरा' म्हणायचीस, त्यावरून. तुला ते आवडे. मला मात्र पत्नीला अशी हाक मारणे कधी प्रशस्त वाटले नाही. आज मारतो आहे, कारण हल्ली मीही स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेवरच्या चित्रांचे कागदी ठसे काढू लागलो आहे, आणि या कामात तुझा अधिकार मोठा.

निमित्त शिंपीकाकांचे. तुझ्या कामाच्या खोलीखाली त्यांचे दुकान, आणि खोलीही त्यांचीच. जावयाच्या शिलाई मशीनसाठी ती त्यांना हवी आहे. "घाई नाही, साहेब," असे ते दर वेळी म्हणतात आणि दर वेळी जिन्याकडे पाहतात. तू गेल्यावर लेकीने सामान आवरले, ठशांचे यंत्र तुझ्या शाळेने नेले; पण किल्ल्या माझ्या खिशातून निघेनात. ती खोली गेली की तुझे काम संपले, अशी माझी समजूत होती. शेवटी मनाशी ठरवले, यंत्राशिवाय, घरी, एक तरी ठसा धड निघाला तर खोली सोडायची.

योग्य मापाची काच घरात एकच निघाली, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावरची. ती काढली. लेक म्हणाली, "बाबा, शिक्षणाचा उपयोग झाला म्हणायचा एकदाचा." तू असतीस तर तिला टाळी दिली असतीस.

तुझ्या रुळाने काचेवर काळी शाई पसरली आणि त्या खोलीतली तुझी खुर्ची काढायला बसलो. जन्मभर इमारतींचे आराखडे आखलेला माणूस. पट्टी घेतली, गुण्या घेतला, चिंधीने शाई पुसत खुर्चीचे पाय अगदी काटकोनात उतरवले. वर कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला, उचलला, तर कोरा करकरीत. माझे मोजमाप चालू असताना शाई वाळून गेली होती. ऐन कामात मी काही विचारले की तू उत्तर देत नसायचीस. ते का, हे मला इतक्या वर्षांनी, ओल्या चिंधीने ती काच खरवडताना कळले. एकदा मात्र उत्तर दिले होतेस. आमच्या कचेरीच्या सवयीने मी विचारले होते, याची दुसरी प्रत कुठे आहे? तू म्हणालीस, "प्रत नसते अहो. म्हणून तर नीट बघा."

मग पट्टी दूर ठेवली. बोटांनी आणि चिंधीने, हात थांबू न देता खुर्ची काढली. ठसा निघाला तो काळाकुट्ट, एक पाय शाईत बुजून आखूड. काच धुवायला उठलो आणि आठवले की तू पहिल्या ठशानंतर काच कधीच धूत नसायचीस. उरलेल्या शाईवर दुसरा कागद ठेवायचीस. गडद ठसा मागेल त्याला देऊन टाकायचीस आणि फिकट स्वतःकडे ठेवायचीस. मी तो तुझा दिलदारपणा समजत होतो. दुसरा कागद ठेवला, घासला, स्वतःलाच मोठ्याने 'थांब जरा' म्हणालो. लेक दारातून बघून गेली. मग उचलला. राखाडी, हलकी खुर्ची, सगळ्या पायांवर उभी. पाठीवर जिथे तू शाल टाकायचीस तिथे चिंधीचा एक फराटा उमटला होता, मी न काढलेला. खोलीत ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून असे. ठशात डावे-उजवे बदलले आणि ती दाराकडे वळली. फिकट ठसा ठेवून घेणे हा दिलदारपणा नव्हता, ती नजर होती. तुझ्या शेजारी आयुष्य काढूनही ती मला आली नाही. आता थोडी येईल असे वाटते.

हे सारे कळवायचे कारण एवढेच की घराबाहेर पडल्यावर वळणाशी थांबून तू दर वेळी विचारायचीस, "कुलूप नीट लागलंय ना हो?" आज विचारणारे कोणी नव्हते, म्हणून लिहून सांगतो. खोली झाडली. खुर्ची घरी आणली, ती टेबलापाशी आहे. दाराला कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि दोन्ही किल्ल्या शिंपीकाकांच्या हातात परत दिल्या.

तुझाच,
अहो