ओट्याची उंची चार विती

ती. ताईंना,

वाकून नमस्कार. (वाकण्याचा खुलासा पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितल्यापासून तुम्ही स्वतः चढत नाही आणि घरातल्या कुणाला चढूही देत नाही, असं तुमच्या यजमानांकडून कळलं. (ते हे फार हळू आवाजात बोलत होते.) आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे जिवंत आहोत, आणि लेकीची परीक्षा संपल्यामुळे तीही आता आमच्यावर हसायला मोकळी झाली आहे.

खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी हो म्हणायचं, ही आपली बावीस वर्षांची वहिवाट. पत्रात निदान माझं वाक्य पूर्ण होतं. लग्नात मला सांगितलं होतं की तुम्हाला वन्सं म्हणायचं. तुम्हीच मोठ्या मनाने म्हणालात, ताई म्हण. तेव्हापासून म्हणते ताई आणि भिते मात्र वन्संना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे अक्षर थरथरलेलं दिसलं तर तुम्ही समजून घ्याल.

तुमचा निरोप मिळाला. आईंच्या ओट्याची काळी फरशी न फोडता काढून ठेवायची, येत्या रविवारी तुम्ही टेम्पो पाठवणार, आणि त्या फरशीचा तुमच्या बागेत बाक होणार. तर सांगायला आनंद होतो की फरशी शाबूत आहे. (या घरात गेल्या महिन्यात टवका न उडालेल्या वस्तू दोनच, एक ती फरशी आणि दुसरा तुमच्या भावाचा आत्मविश्वास.) पण ती टेम्पोत चढेल की नाही हे सांगण्याआधी ती जागची हलली कशी ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, आई गेल्या आणि सुनेला मोकळं रान मिळालं.

माझं मागणं पहिल्यापासून एकच होतं. ओटा जवळजवळ वीतभर खाली घ्या. तुमचं घराणं ताडमाड, मी अशी बुटबैंगण. तुमच्या आई उंच होत्या आणि ओटा त्यांच्याच मापाने बांधला होता, असं तुम्ही नेहमी सांगता. मी या घरात आले तेव्हा त्या वयाने वाकल्या होत्या, त्यामुळे उंचीच्या बाबतीत मी तुमचा शब्द प्रमाण मानला. बावीस वर्षं त्या ओट्यावर मी कोपर खांद्याच्या रेषेत धरून चिरलं, मळलं आणि ढवळलं. कढईत काय चाललंय ते मला वासावरून कळायचं, दिसायचं नाही. उजवा खांदा असा धरला की वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागायची. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, तुम्ही म्हणालात पाट घे. मी पाट घेतला. पाटावरून दोनदा पडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, हिचं लक्ष कुठे असतं. ओटा खाली घ्यायचं नाव काढलं की तुम्ही एवढंच म्हणायचात, आईचा ओटा आहे तो. मी पुन्हा पाटावर चढायची.

या वर्षी मात्र नळाखालचा कोपरा आपणहून खचला. (शपथेवर सांगते, मी काही केलं नाही. फक्त आठ महिने कुणाला सांगितलं नाही.) एक ठेकेदार येऊन बघून गेला आणि त्याने एक आकडा लिहून दिला. तो वाचून यांनी कागदाची घडी घातली, दोन भांडी पाणी प्यायले आणि म्हणाले, यात अवघड काय आहे, आपणच करू. मोबाइलवर एक गृहस्थ आहेत, ते तीन मिनिटांत अख्खं स्वयंपाकघर बदलून दाखवतात आणि शेवटी हात झटकून हसतात. यांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला आणि हात झटकण्यापर्यंतचं सगळं शिकून घेतलं. ऑफिसातून आठ दिवसांची रजा काढली. आवक-जावक टेबलावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला सिमेंट म्हणजे काय, आलं तसं जावक करायचं, असा त्यांचा सूर होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता मापाचं ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. घरातली लोखंडी टेप हातभर बाहेर आली आणि गंजून तिथेच अडकली, ना आत ना बाहेर. नवीन टेप आणायची नाही, कारण बजेटात बसत नाही. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका गळ्यातली टेप काढून द्यायला तयार होते. पण कपड्याची टेप सिमेंटला चालत नाही, असं यांचं मत पडलं. मग ठरलं की विती घालून मोजायचं. मोजणं हे हलकं काम असल्यामुळे ते माझ्याकडे, आणि लिहिणं हे जबाबदारीचं असल्यामुळे ते यांच्याकडे. मी भिंतीवर सरड्यासारखी विती टाकत गेले आणि हे लिहीत गेले. दाराशेजारची भिंत सहा विती. नव्या ओट्याची उंची चार विती. कागदावर तारीख घातली, खाली सही केली आणि तो फ्रिजवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले आणि हे कामाला लागले, स्वतःच्या विती घालून. तुमच्या भावाचा पंजा तुम्ही पाहिलाच आहे. लहानपणी त्याची चापट खाल्ली आहे असं तुम्हीच सांगता.

पहिली फळी आली. सहा विती कापून आणलेली, चांगली जाडजूड, वर दोन हात रंग दिलेली. भिंतीला लावली तर दीड वीत दाराच्या चौकटीत पुढे आली. कुणीही शहाण्याने करवत घेतली असती. पण लाकूड महागाचं, विकत घेतलेली वस्तू कापून टाकायची नाही, असा यांचा नियम. मग फळी वाचवण्यासाठी घर कापायचं ठरलं. दार फळीवर आपटतंय, तर दार काढलं. काढलेलं दार टाकून कसं द्यायचं, म्हणून त्याचं जेवायचं टेबल केलं. त्याची कडी तशीच आहे. पाहुणे जेवताना ती चाळा म्हणून वाजवतात आणि घरातलं कुणीतरी 'कोण आहे' म्हणून उठतं. फळी मात्र जिथल्या तिथे, दारात बरोब्बर तुमच्या घराण्याच्या कपाळाच्या उंचीवर. मी खालून ताठ मानेने जाते. हे पहिल्या आठवड्यात चार वेळा आपटले, आता वाकतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना स्वयंपाकघरात वाकून येताना पाहते आहे, तेव्हा फळीबद्दल माझी तक्रार नाही.

तेवीस दिवस आम्ही झोपायच्या खोलीत कपाटाला लागून एका शेगडीवर स्वयंपाक केला. ऑफिसात यांच्या शर्टाचा वास घेऊन शेजारचे लोक डब्यात काय आहे ते अचूक सांगायचे. (हो, रजा आठ दिवसांची होती. उरलेले पंधरा दिवस ऑफिसातून आल्यावर दोन तास काम, त्यातला दीड तास काल कुठे सोडलं होतं ते आठवण्यात.) सिंक जुन्या बाजारातून आणलं, कुठल्यातरी बंद पडलेल्या खानावळीचं. ते इतकं मोठं आहे की भांडी घासताना मला चमचे शोधावे लागतात. ओट्याला उतार ठेवायचा असतो हे त्या मोबाइलवाल्या गृहस्थांनी सांगितलं होतं. कुठल्या बाजूला, ते सांगेपर्यंत यांनी व्हिडिओ बंद केला असावा. सांडलेलं पाणी सिंककडे पाठ करून भिंतीपाशी जमा होतं. मी ते फडक्याने परत पाठवते. सवय झाली आहे.

आणि मग ओटा झाला. वर पांढऱ्या फरश्या, कडेला गोलाई, काम खरंच सुबक. (खोटं कशाला बोलू?) हे बाजूला झाले, हात झटकले, हसले आणि म्हणाले, ये, उभी राहून बघ. मी उभी राहिले. ओटा माझ्या छातीशी आला. वीतभर खाली जायचा तो आईंच्या ओट्यापेक्षाही तीन बोटं वर गेला होता. मला रडू आलं आणि मी नळ सोडून भांडं धूत असल्यासारखं केलं, पण नळही अजून जोडलेला नव्हता. लेक तिथून उठून गेली आणि खालून शिंपीकाकांना घेऊन आली. काकांनी फ्रिजवरचा कागद वाचला, ओट्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चार विती, पण कुणाच्या?" मग गळ्यातली टेप काढून त्यांनी आधी माझी वीत मोजली, मग यांची. दोन्ही आकडे ऐकून यांचा चेहरा असा झाला की मलाच म्हणावं लागलं, जाऊ द्या, हात दोन्ही घरचेच आहेत.

ओटा फोडून पुन्हा बांधायला ना पैसे होते ना यांच्या कमरेत जोर. शेवटी काका म्हणाले, पँट लांब झाली तर कापतात, माणूस आखूड असला तर टाच वाढवतात. म्हणून ओट्यासमोर त्याच्याच लांबीची, वीतभर उंच पायरी बांधली. वीत कुणाची हे तीन वेळा विचारून घेतलं. ती माझी होती. विटा उरल्याच होत्या, वर घालायला एक बरीशी फरशी हवी होती, तीही मिळाली. असो. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

तर असं आमचं नवं स्वयंपाकघर. आलात की बघालच, फक्त दारातून येताना डोकं सांभाळा. गुडघ्याला तेल लावत जा. तुमच्या यजमानांना नमस्कार सांगा, आणि जमलं तर त्यांना एखादा जिना चढू द्या. लेकीचा तुम्हाला नमस्कार.

तुमची,
धाकटी (सगळ्याच अर्थांनी)

ता. क. फरशीचं राहिलंच. पायरीवर बसवलेली फरशी तीच आहे, आईंची. लांबी-रुंदी जणू तिच्यासाठीच बेतलेली, आणि आता ती सिमेंटमध्ये पक्की झाली आहे. थोडक्यात, तुमच्या आईंच्या ओट्याची फरशी माझ्या पायाखाली आहे. वाचून तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण ताई, तुम्ही तिच्यावर बसणार होतात आणि मी उभी राहते. मान कुणी जास्त राखला ते तुम्हीच ठरवा. तर मुद्द्याचं. टेम्पो रद्द करा. तुमचा निरोप आल्यापासून हे पहार शोधताहेत. म्हणतात, ताई मागते आहे तर काढून देऊ, तू तोवर पाट घे. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. बावीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही (धीर झाला नाही), आज मागते. तीन आठवडे मी त्या फरशीवर उभी आहे आणि माझा खांदा दुखत नाही. काल माझी वेणी मी घातली.

ता. क. २. हे लिहिणार नव्हते. शेवटच्या वर्षी एकदा मला पाटावर चढलेली पाहून आई म्हणाल्या, "मलाही उंचच होता गं तो ओटा. तुझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने मोजला. एवढ्या हौसेने बांधलेला, कशाला बोलायचं?" चाळीस वर्षं त्या माउलीने चवड्यांवर उभं राहून रांधलं. तुम्ही त्यांना कायम ओट्यापाशीच पाहिलंत, म्हणून त्या तुम्हाला उंच वाटल्या. त्यांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं आणि मी सांगितलं नाही, पाटावरून पडले तेव्हासुद्धा नाही. आता तुम्ही आलात की एकदा त्या पायरीवर उभ्या राहा. तुम्हाला गरज नाही हे मला ठाऊक आहे. आईंना होती, म्हणून म्हणते.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता न्हाणीघरातून "पाच विती" असं मोठ्याने ऐकू आलं. कुणाच्या, ते बघायला निघाले आहे.