वगळलेलं कलम

प्रिय ताई,

हे पत्र तुला पाठवायचं धाडस मला होणार नाही.

बाबा गेल्यावर दादाने तुला घराबाहेर काढलं, तेव्हा मी गप्प बसलो. म्हणूनच नव्या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा लिहिताना वडिलांच्या मालमत्तेत मुलींच्या समान वाट्याचं कलम मी हट्टाने घातलं होतं.

काल उत्तरेकडचे प्रतिनिधी उठून उभे राहिले. "हे कलम राहिलं, तर आम्ही वेगळा देश करू." सगळी मसुदा समिती माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्याच हाताने ते खोडलं. टाळ्या वाजल्या, अध्यक्षांनी मिठी मारली.

आज सकाळी तुझा फोन आला. "झालं का रे आपलं कलम?"

खरं सांगायला जीभ रेटेना. "चर्चा चालू आहे," म्हणालो.

"चालू दे. तू आहेस ना तिथे, मग मला कसली काळजी?"

तुझा,
धाकटा