ओल्या पाटीच्या रंगाचं कार्नेशन

९ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून कान उपटू नका. या वेळी कारण आहे आणि ते नेहमीसारखं बनवलेलं नाही. चारशे सतरा नंबरचं रोप फुललं!

तुमच्या लेखी कार्नेशन म्हणजे दुकानातल्या गुच्छातलं झालरीचं फूल, लाल नाहीतर गुलाबी. गेली अकरा वर्षं मी एका फुलाचे पुंकेसर चिमट्याने काढतो, दुसऱ्याचा पराग ब्रशने लावतो, दोरा बांधतो, बी धरतो. दर वर्षी दोन हजार रोपं वाढवतो आणि दोन हजार उपटून टाकतो. दादा म्हणतो ना, लोक झाडं लावायचा पगार घेतात, हा उपटायचा घेतो. तर यंदा एक उपटलेलं नाही.

रंग कसा सांगू? राखाडी म्हणावं तर आतून जांभळं, जांभळं म्हणावं तर वर धातूसारखी चमक. शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसली की सुकेपर्यंत जशी दिसायची, तसा. आमच्या हरितगृहाचे मालक येऊन बघून गेले. हा वाण या वर्षी नोंदवता आला तर संकराचं काम चालू राहील, नाहीतर पुढच्या हंगामापासून बंद, असं सांगून गेले. नोंदवायचा तर या एका रोपापासून निदान पन्नास रोपं करून सगळ्यांना हाच रंग येतो हे दाखवावं लागतं. आज तरी हे एकच आहे. त्याच्याजवळ मी श्वाससुद्धा जपून सोडतो.

सोबत दोन काचांमध्ये चार पाकळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या मिलच्या शेडकार्डांत असा रंग सापडतो का, ते बघा. माझ्या डोळ्यांवर आता माझाच विश्वास राहिलेला नाही.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो या फुलावरही थोडा करावा.

तुमचा,
भाऊजी


१७ जानेवारी

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पाकळ्या पोचल्या. रंग म्हणाल तर चहाच्या गाळणीत उरतो तो! टपालात चार दिवस काढल्यावर माझीही हीच गत झाली असती. शेडरूमच्या उत्तरेकडच्या खिडकीशी बसून पंचवीस वर्षं मी कापडाचा रंग कार्डाशी लावते आहे. नुसत्या राखाडीच्या एकशे चाळीस तऱ्हा आमच्याकडे आहेत. तुमच्या पाटीचं वर्णन वाचून मी एकशे चाळीसही कार्डं काढून बसले, तर साहेबांनी विचारलं की कुठली ऑर्डर. मी म्हटलं, दिराची.

पण भाऊजी, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी रंगाला रंग म्हणत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा फूल नीट वाढवा आणि एकदा ताजं दाखवा.

यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून दिवस जाता जात नाही. डोळ्याला भिंग लावून घरातली चांगली चालणारी घड्याळं उघडून बसतात. तुमचं पत्र दोनदा वाचून म्हणाले की, याने लग्न केलं असतं तर इतका आनंद झाला नसता. जेवण वेळेवर घेत जा.

आहे तसाच जिव्हाळा राहू द्यावा.

तुमची,
वहिनी


४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. मालकांनी अचानक मनावर घेतलं आहे की कार्नेशनचं अख्खं हरितगृह रिकामं करून तिथे ढोबळी मिरची लावायची. चार दिवसांची मुदत आहे. माझ्या खोलीत ऊन येत नाही आणि इथे ठेवायला दुसरी जागा नाही.

म्हणून चारशे सतराची अकरा कटिंगं ओल्या कापडात गुंडाळून आपल्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतो आहे. बोटभर फांद्या आहेत. धुतलेल्या वाळूत खोचा, वरून पाणी फवारा, मुळं फुटायला तीन-चार आठवडे लागतील. ब्लेड नवं घ्या. प्रत्येकाला वेगळी कुंडी द्या, एकीचं पाणी दुसरीत जाऊ देऊ नका. दुसऱ्या झाडांपासून दूर ठेवा. हात धूत चला.

आणि हे कुणाला सांगू नका. मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईल. वहिनी, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता हात जोडून मागतो, ही जगवा. ही गेली तर माझी अकरा वर्षं पाण्यात गेली असं समजा.

सगळी भिस्त तुमच्यावर.

तुमचा,
भाऊजी


२ मार्च

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

वाईट आधी लिहिते. अकरांतली सात गेली. खिडकीत ठेवली, तुम्ही सांगितलं ते सगळं केलं, ऑपरेशनच्या खोलीत नसतील इतके हात धुतले. तरी एकेक मान टाकत गेलं. सातव्याच्या वेळी मला रडू आलं. हे म्हणाले, अगं, मूल आजारी होतं तेव्हा रडली नव्हतीस एवढी.

उरलेली चार आमच्या खिडकीत टिकायची नाहीत हे दिसत होतं. म्हणून आम्ही दोघं ती घेऊन गल्लीच्या टोकाच्या फुलवाल्या बाईंकडे गेलो. त्यांच्या दुकानामागे शेड आहे. सहा-सातशे झाडं आहेत, सगळी कार्नेशनचीच. नवरा गेल्यापासून एकटीच्या हिमतीवर दुकान आणि शेड चालवतात. मी एवढंच सांगितलं की दिराची आवडती झाडं आहेत, मरायला टेकली आहेत. त्यांनी एक शब्द विचारला नाही. आपल्या वाफ्याच्या कडेला वाळू पसरून चारही लावली, आणि तीन आठवड्यांनी वाफ्यातच हलवू म्हणाल्या. यांना तिथे काम मिळालं आहे, रोज जाऊन झाडांना आधाराच्या जाळ्या बांधतात. खूश आहेत.

दुसऱ्या झाडांपासून दूर ठेवा असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून विचारते. तुमची हरकत असेल तर उलट टपाली कळवा, मी त्याच दिवशी चारही उचलून घरी आणते.

प्रकृती सांभाळा, आमच्यासाठी तरी.

तुमची,
वहिनी


१० मार्च

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हरकत कसली? उलट बरं झालं, जाणत्या हातात पडली. सात गेली त्यात तुमचा काही दोष नाही, हे मनातून काढून टाका. चार पुष्कळ झाली. एक जगलं तरी मला पुरे आहे.

बाईंना माझा नमस्कार सांगा. इकडे सगळं ठीक.

आठवण असू द्यावी.

तुमचा,
भाऊजी


२८ जून

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

आज कुशल विचारत नाही. सरळ विचारते.

तुमच्या चारांपैकी तीन रोपं मेमध्ये गेली. एक तगलं, त्याला आता कळी आहे. हे तुम्हाला मागेच कळवणार होते, पण कळी उमलल्यावर आनंदाने लिहावं म्हणून थांबले. दरम्यान बाईंची झाडं वाळायला लागली. आधी तुमच्या रोपांशेजारची. झाडाची एकच बाजू पिवळी पडते, दुसरी हिरवी राहते, आणि आठवड्यात सगळं खलास. बाईंनी पाणी कमी केलं, जास्त केलं, औषध मारलं. आज शंभरावर झाडं गेली आहेत. परवा त्या वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या होत्या. दुकान उघडलं नाही.

यांनी मेलेली एक फांदी घरी आणली, घड्याळ उघडायच्या पातळ सुरीने उभी चिरली आणि भिंग लावून बघितली. आत तपकिरी रेघ होती, खालपासून वरपर्यंत. मग आमच्या खिडकीतल्या एका कुंडीत वाळलेली काडी अजून तशीच होती, ती चिरली. तिच्यातही तीच रेघ. मग दोन्ही फांद्या माझ्यापुढे ठेवून म्हणाले की, त्याला विचार, मला विचारवणार नाही.

तेव्हा मी विचारते. भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं?

वहिनी


३ जुलै

ती. सौ. वहिनींस,

माहीत होतं.

ढोबळी मिरची वगैरे काही नव्हतं. आमच्या हरितगृहात मर लागली होती. मातीतला रोग आहे, मुळातून शिरतो आणि झाडाच्या नळ्या बंद करतो. तपासणीस आले, त्यांनी सगळं जाळायला सांगितलं, एक काडीसुद्धा बाहेर जाता कामा नये म्हणाले. मालकांनी माझ्यादेखत सही केली. त्या दुपारी मी चारशे सतराच्या तेरा फांद्या कापल्या. दोन फांद्यांच्या आत रेघ दिसली, त्या टाकल्या. बाकी अकरांत दिसली नाही. दिसली नाही म्हणजे नाहीच, अशी मी स्वतःची समजूत घातली. वीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस अशी समजूत घालतो, म्हणजे बघा.

पण वहिनी, खरा गुन्हा तो नाही. तुम्ही मार्चमध्ये लिहिलंत की झाडं बाईंच्या वाफ्यात आहेत, हरकत असेल तर उलट टपाली कळवा. ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. एक ओळ लिहिली असती तर त्यांची शेड वाचली असती. दोनदा लिहिली आणि दोनदा फाडली. मग ‘हरकत कसली’ असं लिहून टाकलं. चार उरली होती त्यातलं एखादं तरी फुलेल, एवढंच डोक्यात होतं. त्या बाईंचा चेहरा मी पाहिलेला नाही, हेही माझ्या पथ्यावर पडलं.

दादाला तोंड दाखवायला मला जागा नाही.

आता पुढचं लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. जे एक रोप कळीवर आहे त्याचा शेंडा, अगदी टोकाचा, नखाएवढा, नव्या ब्लेडने कापून घ्या. कधीकधी टोकापर्यंत रोग पोचलेला नसतो. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवून बघता येतं, मी कुणाच्या तरी पाया पडेन. बाकी सगळं जाळा, मला शिव्या द्या, पण तेवढा नखाएवढा तुकडा ठेवा. वहिनी, माझ्याकडे दुसरं काही नाही हो. घर नाही, माणूस नाही. तेवढंच आहे.

लोभ राहावा असं म्हणायचा हक्क मी गमावला आहे.

भाऊजी


१५ जुलै

श्री. भाऊजी यांस,

तुमचं पत्र मी बाईंना शेडमध्ये उभ्या उभ्या वाचून दाखवलं. सगळं, शेंड्याच्या ओळीसकट. हे बाहेर उभे होते. बाईंनी ऐकून घेतलं, आणि लगेच पहिलं झाड उपटलं. आम्ही तिघांनी दोन दिवस उपटलं. चांगली दिसणारीही उपटली, कारण बाई म्हणाल्या की दिसण्यावर आता त्यांचा भरवसा नाही. सगळ्याचा ढीग शेडबाहेर मोकळ्यावर केला. तुमचं रोप सगळ्यात शेवटी राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उमललं.

बाईंनीच मला हाक मारली. तुम्ही रंगातल्या आहात, तुम्ही बघून घ्या, म्हणाल्या. मी सावलीत उत्तरेकडे तोंड करून फूल धरलं. भाऊजी, तुम्ही खोटं पुष्कळ लिहिलंत, पण रंगाबद्दल एक अक्षरही खोटं नव्हतं. ओली पाटी, आत जांभळं, आणि वर ती चमक. आमच्या एकशे चाळिसांत तो नाही. मी बराच वेळ बघत राहिले. हेसुद्धा येऊन बघून गेले.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं सगळं गेलेलं, आणि त्याच मला म्हणाल्या की, एवढासा शेंडा ठेवायचा असेल तर ठेवा, मी काही बोलणार नाही. माझ्या पर्समध्ये नवं ब्लेड होतं. तुमचं पत्र आल्यापासून होतं. कशासाठी विकत घेतलं, ते मला विचारू नका.

मी ते काढलं नाही. रोप मुळासकट ढिगावर ठेवलं आणि काडी मीच लावली. बाईंनी नाही, यांनीही नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तुम्ही जन्मभर त्यांच्यावर राग धरला असता. तो माझ्यावर धरा, मी घरची आहे.

त्या मातीत कार्नेशन पुन्हा लावायचं तर वीतभर नव्हे, हातभर खोल खणून सगळी माती वाफवावी लागते, असं बाई म्हणतात. एकट्या बाईचं काम नाही. यांच्या कमरेत जोर नाही. तुमच्याबद्दल बाईंनी एकच वाक्य काढलं. विचारलं की, तुमचा दीर नुसता फुलंच बघतो, की माती पण खणतो?

उत्तर तुम्हीच द्या.

वहिनी


२३ जुलै

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र दहा-बारा वेळा वाचलं. राग आला होता, खोटं सांगत नाही. एक दिवसभर आला होता. मग उरला नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंही नाही. नुसतं मोकळं वाटतं आहे, उपटून नेलेल्या वाफ्यासारखं.

मालकांना कटिंगांचं सगळं सांगितलं. त्यांनी किल्ल्या मागून घेतल्या. संकराच्या नोंदींच्या वह्या मात्र तुझ्याकडेच ठेव म्हणाले, पण त्या मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो. माती वाफवायचं काम मला येतं, पिंप आणि पाइप तिथे मिळतील असं बघा. मी शेडमध्येच झोपेन, दादाच्या समोर लगेच यायला नको. त्याला वाटेल तेव्हा तो येईल.

बाईंसमोर उभा राहिल्यावर पहिला शब्द कुठला काढायचा, ते सुचत नाही. ‘माफ करा’ हे आरशासमोर म्हणून पाहिलं, ते फार सहज तोंडातून निघतं. इतक्या पत्रांत मी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आलो, कधी नावही विचारलं नाही. त्यांना गल्लीतले लोक काय म्हणून हाक मारतात, तेवढं मी आलो की दारातच सांगा.

पोचेपर्यंत जेवढी माया उरली असेल तेवढी असू द्या.

तुमचा,
भाऊजी