कंबर तीसच आहे

४ मार्च

"टेप खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक पोट आत ओढतं." – मला शिवण शिकवताना बाबा म्हणाले होते. आज दादाने तेच माझ्या तोंडावर फेकलं. त्याला मधुमेह आहे. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला सांगून वर्षं उलटली, हा गेलाच नाही! दर महिन्याला दुकानातल्या आरशासमोर स्वतःची कंबर मोजतो. "तीस म्हणजे तीस! चरबीचे रोग जाड्यांना, चिमणे." वहिनी हसली. मीही. पण त्याचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा रुततो.

९ मार्च

दादाला दवाखान्यात ओढून नेलं. लघवीतून प्रथिनं जातायत. रक्तात चरबी भरमसाट.

११ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबी काय फक्त पोटावर चढते? मधुमेहात ती मूत्रपिंडाच्या पेशींतही साचते. त्यांना ती जाळता येत नाही. मग गाळणीच खराब होत जाते. तुमची बरीचशी झालीय."

दादा गळ्यातला टेप काढायलाही विसरला होता. "पण बाई, माझी कंबर..."

"कंबर तुमची छानच आहे हो. रक्त-लघवी तपासायला हवी होती."

येताना म्हणाला, "कोट झकास, अस्तर कुजलेलं!" हसला. मला नाही हसवलं.

२० जुलै

आता बाकावरच आडवा असतो. कात्री मी चालवते.

२ नोव्हेंबर

डायलिसिस, नाहीतर कुणाचं तरी मूत्रपिंड. वहिनीला रक्तदाब, तिचं चालणार नाही. परवा मी म्हटलं, माझं घ्या. दादा भडकला – "डोकं फिरलंय का तुझं?" आज शिलाई मशीनवर होते, मागून येऊन डोक्यावर हात ठेवला. "दुखेल गं तुला." म्हणजे हो! किती हलकं वाटलं!

१७ नोव्हेंबर

तपासण्यांचे निकाल आले. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीलाच आत बोलावलं. मलाही मधुमेह. माझ्याही लघवीत प्रथिनं. मी कधी तपासलंच नव्हतं – मी तर दादाहून काटकुळी! देता येणार नाही, म्हणाल्या. बाहेर दादा वहिनीला विचारत होता, शस्त्रक्रिया कधी. मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाते. सांगते, माझं मूत्रपिंड जसं आहे तसं काढा, त्याला थोडे दिवस तरी चालेल. नाहीच म्हणतील.