खिळ्यांचे जोडे

बाबा,

आज तुमच्या नातीनं मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून बसलो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, म्हणाल. पण चिडलो आहे खरा. ती वर्ध्याला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. जागा तात्पुरती, पण घरी आली की चपला काढता काढता त्या मुलांच्या गोष्टी सुरू होतात. आता तिला बँकेतली कायमची नोकरी चालून आली आहे, आणि काय करू म्हणून ती माझ्याकडे आली.

माझ्याकडेही असं काहीतरी होतं, आठवतं? पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. आर्वीच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे मी कापूस पारखायला होतो. बैलगाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, खालचा माल ओला तर नाही ना बघायचं, चिमूटभर कापूस बोटांत ओढून धागा किती लांब निघतो ते पाहायचं. गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत उभा. "चांगला हाये" म्हटलं की त्याचा चेहरा असा खुलायचा, जसं काही मी त्याच्या पोराचंच कौतुक केलं. उन्हाळ्यात हंगाम संपायचा आणि मी घरी रिकामा. तेच तुम्हाला खुपायचं.

तुम्ही पुलगावच्या गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत. डबा भरलेलाच परत आला की आई तोच आम्हा भावंडांना वाढायची. म्हणून दारूगोळ्याच्या डेपोत माझी निवड झाली तेव्हा तुम्हाला आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवशी चुलीपाशी बसून मी म्हणतो आहे, "मले आर्वीचं काम आवडते." तुम्ही घास तसाच हातात धरता. "आवडीनं जेवन करावं मानसानं, नोकरी नाई. पक्की हाये ते. काऊन समजत नाई तुले?" आई तव्यावरची भाकरी उलटते.

पहिल्या दिवसासाठी तुम्ही मोचीकडून जोडे शिवून आणलेत. तळाला लोखंडी खिळे, लवकर झिजू नयेत म्हणून. अख्ख्या गल्लीला दाखवलेत. डेपोच्या फाटकावर शिपायानं काड्यापेटीसाठी माझे खिसे चाचपले, मग जोड्यांचे तळ बघितले आणि ओरडलाच, "कील के जूते पहनके बारूद में जाएगा क्या?" ठिणगी उडाली तर सगळंच संपलं. जोडे तिथंच ठेवून मी अनवाणी आत गेलो. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "मंग काय झालं? अनवाणी जाजो. नोकरी तं पक्की हाये ना?" ते हसणं मला आजही झोंबतं. त्या नोकरीबद्दल तुम्हाला एवढंच ठाऊक होतं. आत काय असतं, कुठले जोडे चालतात, आपला मुलगा दिवसभर काय करणार, हे तुम्ही कुणालाही विचारलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी पेट्या सांभाळल्या, बाबा. निवृत्त होईपर्यंत बंद पेट्या. एकीतही कधी हात घातला नाही. काही घडलं नाही म्हणजे काम उत्तम झालं. घरी येऊन सांगावं असं काही नसायचं. आणि खरा वैताग असा, की तुम्हाला चूकही ठरवता येत नाही. त्याच पगारात तुमचं औषधपाणी झालं, बोरगाव मेघेचं हे घर उभं राहिलं, ही पोर शिकली. तुमच्याशी भांडायला उठावं तर माझ्याच ताटातली भाकरी आडवी येते.

तर आज मी तिला हे सगळं समजावत होतो, पगार, निवृत्तिवेतन, वगैरे. तिनं मध्येच विचारलं, "बाबा, तुम्हाला तुमची नोकरी आवडायची का?" इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "पक्की होती."

ती म्हणाली, "मी ते नाही विचारलं."

नव्हती आवडत. उद्या सकाळी तिला सांगेन म्हणतो. आधी तुम्हाला सांगून बघितलं, कारण तुम्ही आता उलटून काही बोलणार नाही, आणि तुमच्यासमोर हे म्हणायची मला अजूनही भीती वाटते.