दाराला माझं बोट पटत नाही

अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव
हनुमान जयंतीनंतरचा चौथा दिवस (तारीख बघायची तर कॅलेंडर खोक्यात बांधलंय)

आदरणीय अमिरुनआपा यांस,

अवसरीहून निर्मलाचा सलाम. तय्यबभाईंनाही सांगावा, आणि इफरा माहेरी आली असेल तर माझ्या वतीनं तिच्यावरून कडाकडा बोटं मोडावीत. तुमचा गुडघा कसा आहे? मशीनवर बसताना आता तरी खाली उशी घेता का, की आम्हाला शिकवायचात तेव्हासारखं अजून ताठ पाठ आणि लोखंडी स्टूल? आमच्याकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सगळे बरे आहेत. घर मात्र बरं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की माझ्याआधी सासूबाईच उत्तरं देतात. शिवाय जे सांगायचंय ते आमच्या ह्यांच्याबद्दल आहे (लग्न झाल्यापासून मला जे काही सांगायचं असतं ते ह्यांच्याबद्दलच असतं, ती गोष्ट वेगळी). शिवणक्लासात तुम्ही म्हणायचात की कापडाला कात्री लावण्याआधी सगळं कागदावर मांडावं. म्हणून मांडतेय. कात्री कुठं लावायची ते तुम्ही ठरवा.

तुम्हाला ठाऊकच आहे, दोन वर्षं झाली, आम्ही आमच्या वावरात घर बांधतोय आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहतोय. ठेकेदार घ्यायचा नाही, आपलं घर आपण बांधायचं, असं ह्यांनी ठरवलं. म्हणजे ह्यांनी मंचरच्या पतपेढीत खुर्चीवर बसून ठरवायचं आणि मी सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायचं. तरी पाया झाला, भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, फरशी बसली. राहिली ती बाहेरची दोन दारं, एक पुढचं आणि एक मागचं. आतल्या खोल्यांना पडद्यावर भागतं, पण बाहेरचं दार म्हणजे घराचं तोंड, ते घाईनं निवडायचं नसतं, असं म्हणत ह्यांनी पाच महिने काढले. आजूबाजूला सगळा ऊस आणि उसात बिबट्या. त्याला घराचं तोंड उघडं आहे की मिटलेलं एवढंच बघायचं असतं, हे मी किती वेळा सांगितलं.

आता तुमच्यापाशी कबूल करते, हे सगळं इफराच्या लग्नातच मिटलं असतं. तय्यबभाई आपणहून म्हणाले होते, 'दादाभाऊ, घराचं दार माझ्याकडून.' ज्या माणसाच्या हातची दारं जुन्नरात गल्लोगल्ली आहेत त्यानं असं म्हणावं, आणि ह्यांनी भर जेवणात काय म्हणावं, तर 'लाकूड आता कोण वापरतंय भाई, लाकूड म्हंजी वाळवीचं जेवण.' तय्यबभाईंनी नुसतं 'बरं' म्हटलं आणि ह्यांच्या ताटात आणखी बिर्याणी वाढली. मला ते 'बरं' अजून ऐकू येतं. ह्यांना फक्त बिर्याणी आठवते.

त्यानंतर ह्यांना दारांचं वेडच लागलं. मोबाइलवर दारं, पतपेढीतल्या कागदांच्या मागच्या बाजूला दारं. कुणाकडेही गेलं की आधी त्यांचं दार वाजवायचं (आत जायला नव्हे, आवाज ऐकायला). मढला माझी मावशी वारली म्हणून भेटायला गेलो, तर हे आत येईनात. उंबऱ्यात उभं राहून बिजागऱ्या करकरतात का ते बघत दार मिटतायत, उघडतायत. आतल्या बायकांना वाटलं, नवीन पाहुणे आले. दार उघडलं की त्या बिचाऱ्या नव्यानं रडायला लागायच्या. चार वेळा रडल्या. शेवटी माझ्या मावसभावानं ह्यांना हाताला धरून आत आणून बसवलं आणि विचारलं, 'दाजी, पंखा बी बघायचाय का?'

पहिलं दार आलं ते काळं कुळकुळीत, आरशासारखं चमकणारं. त्यात बघून कुंकू लावता आलं असतं. पुढच्या बाजूला बसवलं, नारळ फोडला, हे कचेरीत गेले. आता आमच्याकडे सासूबाईंच्या हट्टापायी पंधरा मेंढरं अजून आहेत आणि त्यांत एक एडका आहे, जरा तापट. तो चरून परत येताना त्या दारापुढं थबकला. दारात त्याला दुसरा एडका दिसला, आणि तो ह्याच्याकडेच रोखून बघत होता. आमचा चार पावलं मागं सरला. मला वाटलं, घाबरला. मेंढरं कधी मागं सरतात ते मला एवढी वर्षं सून असून कळू नये ना. तिसऱ्या टकरीला दाराच्या खालच्या अंगाला मोठं भगदाड पडलं आणि एडका अर्धा घरात, अर्धा ओट्यावर. दुकानवाल्यानं फोनवर विचारलं की दार नेमकं कशानं तुटलं. ह्यांनी खरं सांगितलं. त्यानं फोन ठेवला.

शहाण्या माणसानं इथं तरी थांबावं. हे थांबले नाहीत, ह्यांनी लोखंडी दार आणलं. एडकाच काय, ट्रॅक्टर आला तरी हलणार नाही असं, आणि त्याला बोटानं उघडणारं कुलूप. किल्लीची भानगडच नाही, बोट ठेवायचं की दार उघडतं. संध्याकाळी सगळ्यांची बोटं नोंदवायला बसलो. ह्यांचं बोट पहिल्या झटक्यात लागलं. लागणारच, त्या बोटांनी आयुष्यभर शिक्के मारण्यापलीकडे काही केलेलं नाही. माझं एकही लागेना. खुरपणं, कांदा काढणं आणि दोन वर्षं भिंतींना पाणी मारणं यात माझ्या बोटांवरच्या रेषा कुठल्या कुठं गेल्या. म्हणजे ज्या घराच्या भिंती माझ्या हातानं भिजल्या त्या घराचं दार मला ओळखत नाही. सासूबाईंनी तर बोट पुढंच केलं नाही. 'रेशनच्या मशीनला लागत न्हाई, तुमच्या दाराला काय लागतंय', म्हणाल्या. कुलपाला सहा आकडी नंबरही होता. तो ह्यांनी मनात ठेवला, कुणाला सांगायचा नसतो म्हणून. मागच्या दाराचं अजून ठरत नव्हतं, तर तिथं तात्पुरत्या विटा रचून घेतल्या.

आता गेल्या गुरुवारचं ऐका. दुपारी सासूबाई नव्या घरात फरशीच्या गारव्याला जाऊन बसल्या (शेगडी आधीच तिकडं नेली होती, चहाची सोय व्हावी म्हणून). मी ओट्यावर लसूण निवडत होते. वाऱ्याचा झोत आला आणि दार आपोआप लागलं. लागलं ते कुलपासकट. तेवढ्यात जंगलखात्याचा गोरख मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, 'ताई, बिबट्या तुमच्याच उसात हाय, आत व्हा आन् दार लावून घ्या.' मी म्हटलं, दार लागलंच आहे, आपण बाहेर आहोत. मी दहाही बोटं लावून बघितली. गोरखनंही स्वतःचं एक लावून बघितलं, काय म्हणून ते त्यालाच ठाऊक. खिडकीतून मला सासूबाई दिसत होत्या. आतून उघडायला गोल मूठ आहे, गुळगुळीत. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. दोन्ही हातांनी मूठ धरायच्या आणि हात घसरायचा, परत धरायच्या, परत घसरायचा. आपा, बिबट्याची भीती मला तेव्हा वाटली नाही. त्या हातांकडं बघवेना.

बाहेर थांबण्यात अर्थ नव्हता. मेंढरांच्या वाड्याला चहूबाजूंनी लोखंडी जाळी आहे आणि वर पत्रा आहे, त्यात मी आणि गोरख शिरलो. वाडा घराला लागूनच, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. ह्यांना फोन केला. हे मंचरहून वीस मिनिटांत आले, ऐटीत बोट पुढं केलं, आणि दार म्हणालं, 'नाही.' कारण त्या दिवशी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, ह्यांनी स्वतःच्या हातानं चौकटीच्या फटीत सिमेंट भरलं होतं आणि सिमेंटनं बोटांची सालटी निघाली होती. मग मनातला नंबर. तो तीनदा चुकला. चुकला की कुलपातून एक बाई 'सॉरी, ट्राय अगेन' म्हणायची. आतून सासूबाईंनी हाक मारली, 'दादा, ती कोण बाई हाय भाईर? तिला आदी वाड्यात घ्या, पोरीची जात हाय.'

त्या बाईला बाहेर ठेवून हेही वाड्यात आले, इस्त्रीच्या पँटमध्ये, एडक्याशेजारी. तिथून ह्यांनी कुलूप कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा हिंदीतून पुन्हा पुन्हा विचारत होता, सर, आप घर के अंदर हैं या बाहर. ह्यांनी शेवटी सांगितलं, 'मी मेंढरांत आहे.' तोवर सासूबाईंनी चहा केला आणि खिडकीच्या गजांतून एकेक कप वाड्यात दिला, पहिला गोरखला, पाहुणा म्हणून. मग खिडकीशी उभ्या राहून त्यांनीच सांगितलं की बिबट्या बांधावरून गेला, ओढ्याकडं, मांजरावानी सावकाश, मागं वळून बी बघितलं न्हाई. तास गेला. मग गेणू गवंड्याला बोलावलं आणि त्यानं मागच्या विटा पाडून सासूबाईंना बाहेर काढलं.

त्या रागावल्या नाहीत. पदर झटकला, ह्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, 'बाबा, मेंढरांमागं फिरत व्हतो तवा आमच्या पालाला दार नव्हतं. पर दार केलंस तर आतल्या माणसाला भाईर येता आलं पायजे.' आणि पत्र्याच्या खोलीत गेल्या. नव्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणतात. अक्षय्य तृतीयेला घरभरणी आहे, पत्रिका वाटून झाल्या. पुढचं दार परत कुणाला कोंडेल म्हणून कायमचं बंद ठेवलंय, मागं भोक, सगळी ये-जा भोकातून. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्या म्हातारीचा पाय आत नाही, आणि आमचे हे काल जेवताना काय म्हणाले असतील? आता चेहरा ओळखणारं दार निघालंय. मी पुढ्यातलं ताट उचलून आत निघून गेले. 'आत' म्हणजे भोकातून.

असो. तुमचा वेळ घेतला. गुडघ्याला जपा.

आपली,
निर्मला

ता. क. : खरं लिहायचं ते राहिलंच. तय्यबभाईंनी आमच्याकडं यावं. पण बोलावलंय म्हणून नाही, सहज म्हणून. मंचरला काम होतं, वाटेत डोकावलो, असं. दाराचा विषय त्यांनी काढू नये, ह्यांच्याच तोंडून निघू द्यावा. हे दोनदा नको म्हणतील, तिसऱ्यांदा ऐकतील. मान मोडलेला ह्यांना सोसत नाही. माणूस वाईट नाही हो. त्या दिवशी वाड्यात आईच्या हातून कप घेताना ह्यांनी तिची वाकडी बोटं गजांतून धरून ठेवली होती, ते मी वर लिहिलं नाही.

ता. क. दुसरा : पत्र पोस्टात टाकायला ह्यांच्याकडेच द्यावं लागणार, रोज मंचरला तेच जातात. म्हणून पाकिटावर 'ब्लाउजची मापं' असं लिहितेय. दचकू नका.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे, समजून घ्यावं) : आपा, दादाभाऊचा सलाम. पाकीट हाताला जाड लागलं. एवढी मापं कुणाचीच नसतात, म्हणून उघडलं. माफी असावी. मी सोमवारीच जुन्नरला तय्यबभाईंकडे येऊन गेलो. तुम्ही ओतूरला गेला होतात, आणि तुम्हाला सांगू नका असं मीच त्यांना म्हणालो. लग्नातल्या बोलण्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. सागाच्या फळ्या रंधा मारून उभ्या होत्या. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बाजूला काढल्या होत्या म्हणाले. कडी किती उंचीवर हवी ते आईनं सुतळीला गाठ मारून दिलंय, तिला सगळं ठाऊक आहे. चेहरा ओळखणाऱ्या दाराचं मी उगाच बोललो, निर्मलाला संशय येऊ नये म्हणून. तिला वाटू द्या की सगळं तिनंच जुळवलं. ठरल्याप्रमाणे मी दोनदा नको म्हणेन. फक्त एक अडचण आहे. दार तयार झालंय आणि टेम्पो सांगितलाय. सहज डोकावायला आलेल्या माणसाजवळ अख्खं दार का, एवढं काहीतरी कारण तुम्ही सुचवा.